काझा ते मनाली, कुंझुममार्गे: स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मुंबई-पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात जाणारे अनेक चालक एक ठरावीक चूक करतात. ते मनालीला निवांत न्याहारी करून निघतात, अटल बोगदा ओलांडून ग्राम्फूला कच्च्या रस्त्याला लागतात आणि छत्रू-बातल पट्ट्यातील नाल्यांपाशी भर दुपारी, म्हणजे नेमके पाणी वाढत असताना, पोहोचतात. त्याच रात्री चंद्रतालला मुक्काम ठरलेला असतो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे आणि चंद्रताल सुमारे ४,२५० मीटरवर, म्हणजे झोपण्याची उंची एका दिवसात दुपटीने वाढते. गाडी नाल्यात अडकते, माणसे डोकेदुखीने आडवी होतात आणि दोष मात्र रस्त्याला दिला जातो.

प्रवासाची दिशा उलटी केली की या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी सुटतात. म्हणून पुढील टप्पे असे मांडले आहेत: शिमला आणि किन्नौरमार्गे हळूहळू उंची गाठत काझाला, म्हणजे स्पितीतील मुख्य गावी यायचे, आणि काझाहून लोसर, कुंझुम, चंद्रताल, बातल, छत्रू, ग्राम्फू असे करत मनालीकडे उतरायचे. या मार्गातील खरा खडतर भाग बातल ते ग्राम्फू हा सुमारे ५० किलोमीटरचा आहे आणि त्याला तीन ते पाच तास लागतात. रुंदीकरणाच्या कामामुळे काही तुकडे सुधारले आहेत, तर काही उकरून ठेवलेले असतात. त्यामुळे गेल्या वर्षीचा व्हिडिओ पाहून यंदाच्या रस्त्याचा अंदाज बांधू नये.

१. महिना निवडणे

कुंझुम खिंड ४,५५१ मीटर उंचीवर असून ती साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये खुली होते आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या मोठ्या बर्फवृष्टीनंतर बंद होते. जूनमध्ये रस्ता नुकताच मोकळा झालेला असतो आणि बर्फ वेगाने वितळत असतो. जुलै-ऑगस्टमध्ये नाल्यांना सर्वाधिक पाणी असते. स्पिती स्वतः पर्जन्यछायेत असली, तरी किन्नौर आणि कुलूच्या बाजूला दरडी कोसळून रस्ते बंद होतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने सप्टेंबरचा दुसरा ते चौथा आठवडा निवडावा. तेव्हा पाणी कमी असते, मात्र पहाटे नाल्याच्या काठच्या दगडांवर बर्फाचा पातळ थर साचू शकतो.

परतीच्या रेल्वे किंवा विमानाची तिकिटे ज्यांची ठरलेली आहेत, त्यांनी हाताशी किमान दोन मोकळे दिवस ठेवावेत. हा रस्ता बंद झाल्यास मनालीला जाण्याचा दुसरा मार्ग पुन्हा किन्नौरमधूनच आहे, आणि तो दोन-तीन दिवसांचा फेरा आहे.

२. गाडी तयार करणे

चारही चाकांना शक्ती देणारी गाडी असणे ही अट नाही. कोरड्या हंगामात साध्या गाड्याही येथून जातात. जमिनीपासूनची उंची मात्र १८० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, आणि पूर्ण भरलेल्या गाडीची उंची कोऱ्या गाडीपेक्षा कमी होते हे विसरू नये. पाच माणसे, टपावर सामानाचा कॅरियर आणि डिकीत किराणा अशी गाडी पहिल्याच मोठ्या गोट्यावर चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेलाचे भांडे, आपटून घेते. सामान कमी करणे हा गाडीची उंची वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पुण्याहून मनालीपर्यंतच सुमारे २,००० किलोमीटरचे अंतर आहे, त्यामुळे गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंगला देऊ नये. निदान पंधरा दिवस आधी काम करून घ्यावे आणि मधल्या काळात एखादा घाट चढून-उतरून पाहावा, म्हणजे नव्याने बसवलेला एखादा भाग सैल असेल तर तो घरीच कळतो. ब्रेक पॅड, क्लच, शीतक द्रव (कूलंट) आणि बॅटरी यांची तपासणी अनिवार्य समजावी. क्लच अर्ध्याहून अधिक झिजला असेल, तर तो निघण्यापूर्वीच बदलावा, कारण चढावर ‘हाफ क्लच’वर गाडी धरून ठेवण्याची सवय आणि विरळ हवेत मंदावलेले इंजिन या दोहोंचा भार त्याच्यावरच पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार मीटरला ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटते, म्हणून कुंझुमवर ते निम्म्याच्या थोडेच वर उरते.

सोबत पुढील वस्तू असाव्यात: सुस्थितीतील स्टेपनी, जॅक आणि त्याखाली ठेवायची रुंद लाकडी फळी, हवा भरण्याचा छोटा पंप, हवेचा दाब मोजण्याचे साधन, पंक्चर किट, टो करण्याचा मजबूत दोर, दोन शॅकल (दोर हुकाला जोडणाऱ्या लोखंडी कड्या), फावडे, गमबूट आणि हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा दिवा). पंक्चर किटने टायरच्या बाजूच्या भिंतीला गेलेली चीर बुजत नाही, आणि या रस्त्यावर टायर बहुधा तेथेच फाटतो. दोन-तीन गाड्या एकत्र जाणार असतील आणि त्यांच्या चाकांचे माप एकच असेल, तर स्टेपन्या आपोआप सामायिक होतात. गाड्या ठरवताना याचा विचार सहसा कोणी करत नाही.

तपासणी: टो हुक, म्हणजे गाडी ओढण्यासाठीचा हुक, प्रत्यक्ष बसवून पाहिला आहे का? अनेक गाड्यांत तो जॅकसोबत सुटा दिलेला असतो आणि बंपरवरील झाकण उघडून आट्यांवर फिरवून बसवावा लागतो. बर्फासारख्या पाण्यात उभे राहून हा प्रयोग प्रथमच करू नये.

इशारा: पाणी इंजिनात शिरून झालेले नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा धरले जात नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी तरतूद घ्यावी लागते. निघण्यापूर्वी पॉलिसी वाचावी.

३. शरीर तयार करणे

कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वोच्च बिंदूवर वारंवार जाणाऱ्यालाही काझाच्या ३,६५० मीटरची कल्पना तेथे येत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात सुमारे ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू नये, हा गिर्यारोहणातील सर्वमान्य संकेत गाडीतून जाणाऱ्यालाही लागू आहे. किंबहुना त्याला तो अधिक लागू आहे, कारण गाडी माणसाला दमू न देता वर नेऊन सोडते.

शिमला, कल्पा, ताबो आणि काझा असे मुक्काम घेतल्यास चढण आपोआप बेताची राहते. काझाला किमान दोन रात्री काढाव्यात. दिवसा उंचावरच्या गावांना जाऊन रात्री काझाला परतावे. या काळात पाणी भरपूर प्यावे आणि मद्य टाळावे. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, सहप्रवाशाला विचारून नव्हे.

इशारा: काझाला असताना डोकेदुखी, मळमळ किंवा झोप न लागणे यांपैकी काही टिकून असेल, तर चंद्रतालचा मुक्काम रद्द करावा. चंद्रतालहून काझाकडे यायचे तर आधी कुंझुम चढावे लागते, आणि मनालीकडे यायचे तर रात्रीच्या अंधारात नाले ओलांडावे लागतात. आजारी माणसाला तेथून लवकर खाली आणण्याची सोय नाही. बसल्या जागी धाप लागणे, ओला खोकला, तोल जाणे किंवा असंबद्ध बोलणे ही जीवघेणी लक्षणे आहेत; ती दिसताच सकाळची वाट न पाहता उपलब्ध असेल तो प्राणवायू देऊन माणसाला खाली हलवावे लागते.

४. काझा सोडण्याची आदली संध्याकाळ

काझाच्या पंपावर टाकी पूर्ण भरावी. पुढचा पंप या दिशेने जाणाऱ्याला व्यवहारात मनालीलाच मिळतो. चंद्रतालच्या फाट्यासह हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाते आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंधन नेहमीपेक्षा बरेच अधिक लागते. त्याच संध्याकाळी मनालीहून आलेल्या एखाद्या स्थानिक टॅक्सीचालकाला गाठून नाल्यांची स्थिती विचारावी. “रस्ता कसा आहे?” असे विचारल्यास “ठीक आहे” इतकेच उत्तर मिळते, म्हणून “आज कोणत्या नाल्याला किती पाणी होते आणि तुम्ही तो किती वाजता ओलांडला?” असे विचारावे.

लोसरच्या पुढे मोबाइलचा भरवसा धरू नये. नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि आपण कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत मनालीला पोहोचायला हवे, हे घरी एका माणसाला कळवून ठेवावे.

५. काझा, लोसर, कुंझुम, चंद्रताल

पहिल्या दिवशी घाई नसते. सकाळी आठच्या सुमारास निघून लोसरला जेवण करावे, तेथील तपासनाक्यावर गाडीची नोंद करावी आणि दुपारी कुंझुम चढावा. खिंडीतील कुंझुम देवीच्या मंदिराला गाडीसह प्रदक्षिणा घालण्याची तेथील रीत आहे. ती जरूर पाळावी, पण दहा-पंधरा मिनिटांहून अधिक थांबू नये आणि छायाचित्रांसाठी धावपळ करू नये.

कुंझुमहून बातलकडे उतरताना वळणे तीव्र असून खडी सुटी असते. ज्या गिअरमध्ये हा चढ चढता आला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. स्वयंचलित गाडीत गिअर हाताने खाली आणून ठेवावा. ब्रेक सतत दाबून ठेवल्यास तो तापून निकामी होतो. जळका वास आला, तर सुरक्षित जागी थांबून तो निवू द्यावा, त्यावर पाणी ओतू नये.

बातलच्या अलीकडे चंद्रतालचा फाटा लागतो. बातलपासून तलाव साधारण १४ किलोमीटर आहे, रस्ता एका गाडीपुरता आहे आणि समोरून गाडी आल्यास कोणाला तरी मागे यावेच लागते. प्रत्येक रुंद जागा ओलांडताना ती मनात नोंदवून ठेवावी, म्हणजे मागे किती जायचे ते ठाऊक असते. वाहनतळापासून तलावापर्यंत चालत जायचे आहे. हा तलाव रामसर यादीतील, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली, संरक्षित पाणथळ आहे. काठावर तंबू लावता येत नाहीत आणि मुक्कामाच्या छावण्या काही किलोमीटर अलीकडे आहेत. तेथे तीनच्या आत पोहोचावे.

इशारा: थंडी कितीही असली, तरी बंद तंबूत शेगडी पेटवून किंवा गाडीचे इंजिन चालू ठेवून काचा लावून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. पहाटेची सुटका आणि टायरमधील हवा

चंद्रतालच्या मुक्कामाचा खरा उपयोग दुसऱ्या दिवशी कळतो. येथून साडेपाचला निघाल्यास सातच्या आत बातल गाठता येते, आणि रात्रभर गोठलेल्या हिमनद्या वितळू लागण्यापूर्वी नाल्यांचा मोठा भाग मागे पडतो. सूर्य चढला की पाणी वाढत जाते आणि वरच्या बर्फापासून रस्त्यापर्यंत ते पोहोचण्यास वेळ लागत असल्याने सर्वाधिक पाणी दुपारनंतर, बऱ्याचदा संध्याकाळी, येते. माझ्या पहिल्या खेपेला आम्ही दुपारी साडेतीनला एका नाल्यापाशी थांबलो आणि तो उतरेल म्हणून दोन तास वाट पाहिली. प्रत्यक्षात तो आमच्या डोळ्यांसमोर वीतभर चढला आणि रात्र गाडीत काढावी लागली. ज्याला चंद्रताल वगळायचे आहे, त्याने लोसरला राहून पहाटे पाचच्या आत निघावे.

बातलला चहा घेताना टायरमधील हवा पाहावी. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब घटतो, त्यामुळे मैदानात भरलेली हवा येथे मोजली तर चार-पाच पीएसआयने अधिक भरते; थंडीमुळे त्यातील काही फरक भरून निघतो. टणक फुगलेला टायर गोट्यांवरून उसळतो आणि लवकर फाटतो. नेहमीचा दाब ३३ असेल, तर थंड टायरमध्ये २६ ते २८ ठेवावा. याहून खाली जाऊ नये, कारण धारदार दगड आणि रिम यांच्यामध्ये टायर चिमटला जातो.

७. नाला ओलांडणे

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून हा क्रम पाठ असलेला बरा.

प्रथम थांबावे आणि उतरावे. पाच मिनिटे फक्त पाहावे. ज्या जागी पाणी रुंद पसरून खळखळते, तेथे ते उथळ असते आणि तळाचे दगड दिसतात. ज्या जागी ते गुळगुळीत आणि गडद दिसते, तेथे खड्डा असतो. स्थानिक चालक किंवा हिमाचल परिवहनची बस येत असेल, तर तिला पुढे जाऊ द्यावे आणि तिचे चाक कोठे बुडते, कोठे उचलले जाते, ते पाहावे. मात्र बसच्या चाकाची उंची आपल्याला नाही, त्यामुळे तिचा मार्ग घ्यावा, तिचा आत्मविश्वास घेऊ नये.

नंतर खोली पाहावी. प्रवाह मंद असेल आणि पाणी गुडघ्याच्या खाली असेल, तरच गमबूट घालून काठीने चाचपत जावे. वाहते पाणी गुडघ्यापर्यंत असल्यास माणूस उभा राहू शकत नाही, आणि जेथे माणूस उभा राहत नाही, तेथे गाडी घालू नये. साध्या गाडीसाठी चाकाच्या मध्यापर्यंतचे पाणी ही शेवटची मर्यादा मानावी. उंच गाड्यांच्या पुस्तिकेत दिलेली खोली, उदाहरणार्थ थारची ६५० मिलिमीटर, ही साचलेल्या पाण्याच्या हिशेबाने वाचावी. वेगवान प्रवाहात अर्धा मीटर पाणीही गाडी बाजूला सरकवू शकते.

तिसरे, मार्ग आखावा. येथील नाले डोंगरातून येऊन रस्ता आडवा कापतात आणि दरीकडे कोसळतात. दरीकडील कड पाण्याने कोरलेली असते, म्हणून जमेल तितके डोंगराच्या बाजूने जावे. मोठा खड्डा असेल, तर सर्वांनी मिळून त्यात चपटे दगड भरावेत. या कामाला लागणारी वीस मिनिटे वाया जात नाहीत, मागून येणाऱ्यांचीही सोय होते.

चौथे, पाण्यात उतरण्यापूर्वी वातानुकूलन बंद करावे, काचा खाली कराव्यात, पहिला गिअर टाकावा आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत ‘लो’ (जास्त जोर, कमी वेग) श्रेणी असल्यास ती लावावी. माणसाच्या चालण्याइतक्या वेगाने, ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून, एका दमात पलीकडे जावे. पाण्यात असताना क्लच दाबू नये आणि गिअर बदलू नये. जोरात उडी घेतल्यास पाणी बॉनेटवर येऊन हवेच्या नळीतून इंजिनात शिरते, आणि कारंज्यासारख्या त्या छायाचित्राची किंमत कनेक्टिंग रॉडने चुकती होते.

पाचवे, एका वेळी एकच गाडी पाण्यात असावी. पहिली गाडी पूर्ण बाहेर निघून पुढे सरकेपर्यंत दुसरीने काठावरच थांबावे, अन्यथा दोन्ही अडकतात.

तपासणी: बाहेर आल्यावर हळू चालत ब्रेक दोन-तीनदा हलकेच दाबून वाळवावेत. पुढच्या उतारावर ते ओले असता कामा नयेत.

८. गाडी अडकलीच तर

चाक जागच्या जागी फिरू लागताच पाय काढावा. रेटत राहिल्याने चाक खोल रुतते आणि गाडी चेंबरवर बसते. चाकाखालचे गोटे काढून चपटे दगड सरकवावेत आणि आल्या मार्गाने मागे येण्याचा प्रयत्न आधी करावा.

इंजिन बंद पडले आणि पाणी हवेच्या नळीपर्यंत पोहोचल्याची शंका असेल, तर किल्ली पुन्हा फिरवू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे एका स्टार्टमध्ये इंजिन वाकडे होते. गाडी ओढून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडून तो ओला आहे का ते पाहावे, आणि ओला असेल तर मेकॅनिकशिवाय पुढे काहीही करू नये.

ओढताना दोर केवळ टो हुकाला लावावा. बंपर, सस्पेन्शन किंवा ॲक्सलला लावू नये. दोरावर जाड कांबळे किंवा जॅकेट टाकावे आणि सर्व बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीच्या पलीकडे हटवावे. तुटलेला दोर किंवा निखळलेला शॅकल काच फोडून आत येतो.

९. बातल ते ग्राम्फू: उरलेला रस्ता

नाल्यांखेरीज हा पट्टा गोट्यांचा आहे. सह्याद्रीत आपल्याला चिखलातील चाकोरीत चाक ठेवून जाण्याची सवय असते. येथे खोल चाकोरीत मध्ये उरलेला दगड चेंबर फोडतो. मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढण्याऐवजी त्यावरून सावकाश चाक चढवावे. सहचालकाने अवघड जागी उतरून समोर उभे राहावे, दरीच्या बाजूला नव्हे, आणि इशारे देण्याचे काम एकाच माणसाने करावे. चार जण चार दिशांना हात हलवू लागले की चालक कोणाचेच ऐकत नाही.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा नियमच आहे, आणि या दिशेने आपण बहुतांशी उतरत असल्याने थांबण्याची जबाबदारी आपली असते. भरलेला ट्रक आला, तर डोंगराच्या बाजूची जागा मिळेपर्यंत मागे यावे. दरीच्या कडेची भुसभुशीत माती गाडीचे वजन पेलेल, असे गृहीत धरू नये. दगड घरंगळत येत असलेल्या ठिकाणी थांबून पाहत बसू नये, एकाने वर लक्ष ठेवावे आणि मोकळीक मिळताच निघून जावे.

ज्यांना मनालीहूनच सुरुवात करायची आहे, त्यांनी सिस्सू किंवा कोकसरला दोन रात्री काढून पहाटे पाचला निघावे, चंद्रताल त्या दिवशी वगळावा आणि थेट काझा गाठावे. नाले ओलांडण्याची पद्धत तीच राहते.

१०. ग्राम्फूनंतर

ग्राम्फूला पक्का रस्ता लागतो आणि वेग आपोआप वाढतो, म्हणून तेथेच थांबून टायरमध्ये पुन्हा हवा भरावी; कमी हवेचा टायर डांबरावर तापतो. ‘फोर-व्हील’ची श्रेणी लावली असेल तर ती काढावी. गाडीखाली वाकून तेल किंवा शीतक द्रव ठिबकत आहे का, ते पाहावे, चाकांचे नट आवळून घ्यावेत आणि टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवरून हात फिरवून चिरा तपासाव्यात. त्या बाहेरून दिसत नाहीत. रोहतांग न चढता कोकसरकडे उतरून ९.०२ किलोमीटरच्या अटल बोगद्यातून मनालीला यावे. बोगद्यात थांबण्यास मनाई आहे.

मनालीला गाडी धुताना खालचा भाग उच्च दाबाच्या पाण्याने स्वच्छ करून घ्यावा. ब्रेकच्या डिस्क आणि तिच्या मागील पत्र्याच्या मध्ये अडकलेला खडा कर्कश आवाज करतो आणि घाबरलेला मालक नवे पॅड विकत घेतो. चाक काढून तो खडा स्क्रूड्रायव्हरने पाडावा आणि त्याच वेळी चारही चाकांचे संरेखन (अलाइनमेंट) तपासून घ्यावे, कारण पुढे घरापर्यंत अजून दोन हजार किलोमीटर जायचे असते.